केडगावच्या अध्यक्ष महोदया

मॅडमनी मला त्यांच्या घरात खोली दिली ती आवाजी मतदानाने.

मी बेलापूरहून बाबांबरोबर आले होते. कॉलेज नगरमध्ये, होस्टेल भरलेलं, आणि केडगावात एक बाई मुलींना खोली देतात असं कुणीतरी सांगितलेलं. आम्ही फाटक वाजवलं तेव्हा त्या दारात आल्या. ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ आणि हातात खलबत्त्यातला बत्ता. शेंगदाण्याचं कूट चाललं होतं.

"खोली मिळंल का?" बाबांनी विचारलं.

"प्रस्ताव मांडा," त्या म्हणाल्या.

"काय मांडू?"

"कोण, कुठून आलात, किती काळासाठी आणि सभागृहाने का मान्य करावं."

बाबांनी भांबावून जमेल तसं सांगितलं. ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते मॅडमचे वडील, अप्पा. लष्करात मोटार चालवून निवृत्त झालेले. मॅडम त्यांच्याकडे वळल्या आणि वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." मग स्वतःच म्हणाल्या, "होय."

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

"न्हाई!" अप्पा एवढ्यांदा ओरडले की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"समसमान मते. अध्यक्षांचे निर्णायक मत होयच्या बाजूने. ठराव मंजूर." बत्ता दाराच्या चौकटीवर दोनदा आपटला गेला.

"एकच बाई दोनदा मत देती! हे घटनाबाह्य हाय!" अप्पा म्हणाले.

बाबा माझ्या कानाशी लागले. "दुसरीकडं बघू या का ग?" पण मी तोवर आत जाऊन खोलीची खिडकी उघडली होती. इतकी गंमत मी जन्मात पाहिली नव्हती.

संध्याकाळी अप्पांनी मला हाक मारून परसातला पेरू दिला. "मनावर घिऊ नको बरं का, पोरी," ते म्हणाले. "माझा तुला इरोध न्हाई. सरकारला इरोध हाय."

मॅडम आमच्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. त्यांचा आवाज शेवटच्या बाकामागच्या भिंतीला लागून परत यायचा, त्यामुळे प्रत्येक वाक्य आम्हाला दोनदा ऐकू येई आणि पाठांतराची गरज पडत नसे. वर्गातही तोच बत्ता. हजेरीला "येस मॅडम" चालत नसे. "उपस्थित" म्हणायचं. उशिरा आलेल्याने दारात थांबून सभागृहाची परवानगी मागायची, आणि ती बाकीच्यांनी मतदानाने द्यायची किंवा नाकारायची. आम्ही बहुतेक वेळा नाकारायचो, कारण बाहेर राहिलेल्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

त्यांची एक स्कूटी होती. मी मागे बसून कॉलेजला जायची. पुणे रस्त्यावर एखादी रिक्षा आडवी घुसली की मॅडम ब्रेक दाबून ओरडायच्या, "सन्माननीय सदस्य, आपली पाळी नव्हती!" रिक्षावाला "आँ?" करून बघत राही. तेवढ्यात आम्ही पुढे. भाजीवालीने कोथिंबीर जुनी दिली तर "हरकतीचा मुद्दा" निघे. भाजीवालीलाही सवय झाली होती. ती लांबूनच म्हणायची, "या अध्यक्षबाई, आज लई कोवळी हाय, हरकत घिऊ नका."

हे सगळं लोक हसण्यावारी न्यायचे. मीही न्यायचे. पण त्यांची एक सवय मला सुरुवातीला कळली नव्हती.

वर्गात भांडण झालं, कुणी कुणाला घालूनपाडून बोललं, की मॅडम शांतपणे म्हणायच्या, "हे शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत." आणि मग सगळ्यांनी ते शब्द बोललेच गेले नव्हते असं वागायचं. आठवण काढायची नाही, टोमणा मारायचा नाही. एका रविवारी चर्चमधून आल्यावर अप्पांचं आणि मॅडमचं कशावरून तरी जुंपलं. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. अप्पा रागाच्या भरात म्हणाले, "तुजी ही असली थेरं बघूनच कुनी उंबरा चढला न्हाई." मी भाजी निवडत होते, माझा हात थांबला. मॅडमनी एक श्वास घेतला. "काढून टाकलं," त्या म्हणाल्या आणि कपात चहा ओतला. अप्पांनी कप घेतला, खाली बघत दोन घोट घेतले आणि विचारलं, "आज भाजी काय हाय?" "मेथी," मॅडम म्हणाल्या. विषय संपला. पुन्हा कधीच निघाला नाही. आमच्या घरी एकेक वाक्य वर्षानुवर्षं भिंतीवरच्या फोटोसारखं टांगलेलं असतं. म्हणून मला त्या दिवशी फार नवल वाटलं.

तर आता ते अणुबॉम्बचं सांगते.

नगरच्या आसपास लष्कराचा तोफांचा सराव चालतो. वारा तिकडून असला की केडगावातल्या घरातली मांडणीवरची भांडी थरथरतात. बाहेरगावची माणसं दचकतात, आम्ही चहाच्या कपावर हात ठेवतो एवढंच. एका सकाळी असाच धडधडाट झाला, मॅडमच्या ताटलीतला चमचा सरकत सरकत खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. बघत राहिल्या.

"हा गोळा एवढासा," त्या म्हणाल्या. "मोठ्या गोळ्याचं कोण ठरवतं?"

"पंतप्रधान," मी म्हणाले.

"आणि ते बरोबर ठरवतात की नाही हे कोण ठरवतं?"

अप्पा म्हणाले, "चमचा उचल आदी."

दरवर्षी आमच्या कॉलेजात युवा संसद भरायची. विषय ठरलेले असायचे, स्वच्छता, झाडं लावा, पाणी वाचवा. त्या वर्षी मॅडमनी ठराव लिहून दिला : आपण अण्वस्त्र आधी वापरणार नाही, हे देशाचं जाहीर धोरण बदलावं.

प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी सोबत होते, ठरावाच्या प्रती घेऊन. प्राचार्य भले गृहस्थ, पण कायम घामेजलेले.

"मॅडम, प्लॅस्टिकबंदी घ्या ना," ते काकुळतीने म्हणाले.

"प्लॅस्टिकवर सगळे एका बाजूला असतात सर. त्याला संसद कशाला? आरती म्हणा."

"अहो, या वर्षी आमदारसाहेब प्रमुख पाहुणे आहेत. तुमच्या विभागाचं काय चाललंय माहीत आहे ना तुम्हाला? मुलं येत नाहीत राज्यशास्त्राला. संस्थेच्या बैठकीत विभाग बंद करायचं घाटतंय. साहेबांच्या शब्दाला तिथं वजन आहे. त्यांना जरा बरं वाटेल असं काहीतरी घ्या."

विभाग म्हणजे त्या एकट्याच होत्या. विभाग बंद झाला तर त्यांना कुठेतरी लांबच्या शाखेत धाडलं असतं आणि अप्पांना केडगावात एकटं राहावं लागलं असतं.

"आमदारांना संसद बघून बरं वाटणार नाही तर कशाने वाटेल सर?" त्या म्हणाल्या आणि उठल्या.

इथे आमदारांबद्दल थोडं सांगायला हवं. नाव सांगत नाही, आता ते आमदारही नाहीत. उंच, गोरे, हसरे, हाकेला धावणारे. पण भाषणाला उभे राहिले की एक खोड होती. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन असो की व्यायामशाळेचं, शेवट बॉम्बनेच व्हायचा. "एक बटण दाबायचं," ते बोट हवेत नाचवून म्हणायचे, "आणि नकाशावरून पुसून टाकायचं!" मग टाळ्या, शिट्ट्या, हलगी. ते वाक्य लोकांना इतकं पाठ झालं होतं की बोट वर गेलं की पोरंच पुढचं ओरडायची.

मॅडमचा भूमिका वाटायचा नियम सोपा होता. ज्याचं जे मत असेल त्याच्या उलट बाजू त्याला द्यायची. मी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी, भांडण सुरू झालं की खोलीबाहेर पळणारी. मला संरक्षणमंत्री केलं. आधी वार करायचा, हे मी पटवून द्यायचं.

आणि आमच्या वर्गात सोन्याबापू म्हणून एक मुलगा होता, पाथर्डीकडचा. अंगाने पैलवान, बोलायला फटकळ, त्याचा थोरला भाऊ फौजेत. ठराव वाचल्या वाचल्या तो म्हणाला, "यात बोलायचं काय हाय? पयलं मारायचं. इषय संपला." मॅडमनी त्याला विरोधी पक्षनेता केलं.

"मॅडम, मला न्हाई जमायचं. माझ्या तोंडातून निगायचंच न्हाई ते."

"म्हणूनच. जे सहज निघतं ते तपासलेलं नसतं."

"आन् माझी भाषा? ही पोरगी कशी पुस्तकासारखी बोलती. मी बोललो की लोक हसत्याल."

"हसले तर हसू दे. ऐकल्याशिवाय हसता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

तालमी केडगावच्या ओसरीवर झाल्या. मी भाषण म्हणून दाखवायची, अप्पा खुर्चीतून आडवे यायचे. "शत्रूने तयारी केल्याची पक्की बातमी हातात असताना आपण हातावर हात ठेवून बसायचं का? आपली शहरं राख झाल्यावर उत्तर द्यायचं? मेलेल्या माणसाच्या उत्तराला अर्थ काय?" एवढं झालं की अप्पा ओरडायचे, "पक्की बातमी म्हंजी कुनाची? आमच्या कॅम्पात आदल्या दिशी बातमी यायची का उद्या मटन हाय, आन् ताटात डाळ!" मी हसून मोडून पडायची. मॅडम बत्ता आपटायच्या. "मंत्र्यांनी हसू नये. उत्तर द्यावं." सोन्याबापू कोपऱ्यात बसून डोकं खाजवत असायचा. त्याला अजून एकही मुद्दा सापडला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडलेल्या, मध्ये उंच टेबलामागे मॅडम, समोर बत्ता. अप्पा खास लष्करी कोट घालून प्रेक्षकांत. कबड्डीच्या संघातल्या दोन धिप्पाड मुली लाल पट्टा लावून दाराशी उभ्या, त्या मार्शल. पाहुण्यांचा सोफा मॅडमनी स्टेजवरून खाली काढून एका बाजूला लावला होता आणि त्यावर पाटी ठेवली होती, "प्रेक्षक सज्जा". प्राचार्यांनी ती दोनदा उचलून नेली होती, मॅडमनी दोनदा परत आणून ठेवली होती.

आमदार उशिरा आले, माझं भाषण ऐन रंगात आलेलं असताना. सोबत कार्यकर्ते, हार, मोबाईल वर धरलेली पोरं. ते सोफ्यावर टेकले आणि ऐकू लागले. मी सांगते, त्या दिवशी मला काय झालं होतं मला माहीत नाही. मी घाबरून सुरुवात केली होती, पण दोन वाक्यांनंतर लोक माझ्याबरोबर यायला लागले. मी थांबले की तेही थांबत. मी आवाज चढवला की त्यांचे श्वास चढत. मी म्हणाले, "पहिला घाव घालतो तोच इतिहास लिहितो!" आणि टाळ्यांनी छत हललं.

आमदारांना राहवलं नाही. ते उठले, तरातरा माझ्यापाशी आले, माईक हातात घेतला.

"शाब्बास, पोरी! मी कायम सांगत आलोय. एक बटण दाबायचं..."

"नकाशावरून पुसून टाकायचं!" मागून पोरं ओरडली.

बत्ता एकदा वाजला. "सन्माननीय पाहुण्यांनी जागेवर बसावं. त्यांना बोलण्याची परवानगी दिलेली नाही."

आमदार हसले. "बसतो मॅडम, एवढं बोलू द्या."

बत्ता दुसऱ्यांदा वाजला. "पाहुणे सभागृहाचा अवमान करत आहेत. मी त्यांना ताकीद देते."

"अहो ताई, मी खराखुरा आमदार आहे!"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठून हात जोडून उभे होते, कुणाकडे बघून ते त्यांनाही माहीत नसावं. बत्ता तिसऱ्यांदा वाजला.

"मार्शल, पाहुण्यांना बाहेर न्या."

कबड्डीच्या मुली पुढे आल्या आणि दोन बाजूंना उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "चला साहेब." आणि मग एक अजब गोष्ट घडली. आमदारांचे पाय आपोआप दाराकडे वळले! खऱ्या सभागृहातून त्यांना इतक्या वेळा बाहेर काढलं होतं की मार्शल दिसल्यावर अंगाला सवयच झाली होती. दाराबाहेर पाऊल पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, ते थबकले, मागे वळून बघितलं. पण तोवर मुलींनी दार लोटून घेतलं होतं. अप्पा उभे राहून ओरडले, "लोकशाही जिंदाबाद!" मोबाईलवाली पोरं सगळं टिपत होती.

बाहेर काय चाललं होतं ते नंतर कळलं. आमदार व्हरांड्यातल्या बाकावर, खिडकीखाली बसले. कार्यकर्ते खवळलेले. "साहेब, कॉलेज बंद करून टाकू." प्राचार्य त्यांना फाईलने वारा घालत होते. आणि आत मॅडम म्हणत होत्या, "विरोधी पक्षनेते."

सोन्याबापू उठला. हातात कागद होता, मी लिहून दिलेला, शुद्ध भाषेतला. त्याने तो बघितला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"अध्यक्ष महोदया," तो म्हणाला, "माझा मोठा भाऊ तिकडं वर हाय. बर्फात. परवा फोन आल्ता, म्हनला, बाजरीची भाकर खावीशी वाटती. मला काल रातच्याला झोप न्हाई. मी इचार करीत हुतो का संरक्षणमंत्री म्हनत्यात, आमी पयले. पयलं बटन आमी दाबू. बरं, दाबलं. मंग त्ये बी दाबत्याल. त्यांचं आमच्यावर येईल, आमचं त्यांच्यावर जाईल. पर मदी कोन हाय? मदी माझा भाऊ हाय. तुमी नगरमदी बसून म्हनता आमी पयले. तुमी न्हाई पयले. पयला त्यो हाय."

कुणी हसलं नाही. खाली बसताना खुर्ची करकरली ती सगळ्यांना ऐकू आली.

दार उघडलं. दारात आमदार उभे होते. एक हात वर, शाळेतल्या पोरासारखा.

"काय म्हणणं आहे?" मॅडमनी विचारलं.

"अध्यक्ष महोदया, मी दिलगिरी व्यक्त करतो. मला एक प्रश्न विचारायचाय."

मॅडमनी सभागृहाची परवानगी घेतली. अप्पा सोडून सगळे होय म्हणाले. आमदार जागच्या जागी उभे राहूनच माझ्याकडे वळले.

"संरक्षणमंत्र्यांना विचारतो. बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं?"

माझ्या तयारीत याचं उत्तर नव्हतं. पण अंगात वारं भरलं होतं, लोक माझ्याकडे बघत होते, आणि तोंडातून निघून गेलं, "अध्यक्ष महोदया, दुसऱ्या दिवसाचा प्रश्न सन्माननीय सदस्यांनी दुसऱ्या दिवशी विचारावा!"

हशा फुटला. पोरं बाकं वाजवायला लागली. सोन्याबापूने पाडलेली शांतता एका वाक्यात वाहून गेली. मतदान झालं. "होयचे बहुमत, होयचे बहुमत. ठराव मंजूर," मॅडमनी कोरड्या आवाजात सांगितलं. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. आमदार मात्र दाराशीच उभे होते. त्यांनी कशालाच टाळी वाजवली नाही.

परत येताना स्कूटीवर मी मागे बसून रडत होते. मॅडमनी गाडी बाजूला घेतली.

"काय झालं?"

"मॅडम, मला असं वाटत नाही हो. मी बोलले ते. मी नुसतं बोलले आणि सगळे होय म्हणाले."

"हो," मॅडम म्हणाल्या. "बॉम्ब फार जड असतो असं मला वाटायचं. तू आज एका विनोदावर उचललास."

"मग तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"अध्यक्षांना तो अधिकार नाही." त्यांनी रुमाल काढून दिला. "पुस नाक. भीती वाटली ना? बरं झालं. चल, अप्पा रिक्षाने कधीच पोचले असतील. दार उघडायला कुणी नाही म्हणून सरकार पाडतील."

पुढच्या रविवारी फाटकाशी एक गाडी थांबली. आमदार एकटेच उतरले. कार्यकर्ते नाहीत, हार नाहीत. आम्हाला वाटलं, आता विभागाचा निकाल लागला. ते ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

"मॅडम, त्या पोराचं भाषण मी खिडकीतून ऐकलं," ते म्हणाले. "माझ्या मतदारसंघातली पोरं गावागावातून फौजेत आहेत. भरतीच्या वेळी मीच त्यांना पेढे वाटतो. आणि बटण म्हणताना ती मध्ये उभी आहेत, हे कधी डोक्यातच आलं नाही. आता पंचाईत अशी झालीय की मला त्या वाक्याशिवाय भाषण संपवता येत नाही. काल एका साखरपुड्यात बोललो, शेवटी बोट आपोआप वर गेलं. दुसरं एखादं वाक्य द्या."

"वाक्य मी देत नाही. बाजू देते," मॅडम म्हणाल्या. "उठा. आधी वापरायचं नाही, या बाजूने बोला."

"इथं?"

"सभागृह बसलेलं आहे."

सभागृह म्हणजे अप्पा. आमदार उभे राहिले, घसा साफ केला, "बंधू आणि भगिनींनो" म्हणाले आणि अडकले. अप्पा लगेच चढले. "त्यांनी आदी टाकला तर? बोला की! टाळ्या घेताना बरं तोंड चालतं!" आमदार घामाघूम. "नाही, म्हणजे, असं आहे काका, की आपण शब्द दिला असला की समोरचाही घाईघाईने..." "कसला शबूद? तुमी निवडणुकीत दिलेला, तसला?" मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, हसू आवरत नव्हतं. मॅडमनी बत्ता वाजवला. "हे शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत. सदस्यांनी पुढे बोलावं."

ते आणखी काही रविवार आले. एकदा जाताना फाटकात थांबून म्हणाले, "मॅडम, तुमच्या विभागाचं मी बघतो, काळजी करू नका."

"तो विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही."

"अगं, बघू दे की त्याला!" अप्पा आतून ओरडले. पण मॅडमनी फाटक लावून घेतलं.

विभागाचं भलं झालं ते वेगळ्याच मार्गाने. कबड्डीच्या मुली आमदारांना बाहेर नेतानाचा व्हिडिओ गावोगाव मोबाईलवर फिरला. जूनमध्ये राज्यशास्त्राला प्रवेश घ्यायला रांग लागली. या विषयाला गेलं की आमदाराला बाहेर काढायला मिळतं, अशी पोरांची समजूत झाली होती. प्राचार्यांना जादा बाकं मागवावी लागली. बंद करायची भाषा पुन्हा कुणी काढली नाही.

सोन्याबापूला मी विचारलं होतं, आता तुझं मत काय? तो म्हणाला, "मला अजून बी वाटतं, पयलं मारावं. पर बोललो ते बी खरंच हाय. आता दोनी डोक्यात घिऊन फिरतो. लई जड जातं."

त्या पावसाळ्यानंतर एका गावात पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन होतं. आमदारांनी मॅडमना आवर्जून बोलावलं. स्टेजवर नव्हे, गर्दीत. मॅडम, अप्पा आणि मी मांडवात सतरंजीवर बसलो. भाषण टाकीवरून रस्त्यावर, रस्त्यावरून ट्रान्सफॉर्मरवर असं नेहमीच्या वळणाने गेलं, आणि शेवटाला आल्यावर त्यांचं बोट वर गेलं.

"बटण दाबा!" पोरं ओरडली. हलगीवाला सरसावून बसला.

आमदारांनी स्वतःच्या बोटाकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

"या गावात ज्यांच्या घरातली पोरं फौजेत आहेत," ते म्हणाले, "त्यांनी हात वर करा."

आधी एक हात वर झाला, मग बायकांच्या बाजूने बरेच. पदर सावरत, बांगड्या मागे सरकवत एकेक हात वर येत राहिला. आमदार ते हात बघत उभे राहिले. माईकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. पुढचं वाक्य त्यांनी पाठ केलेलं असणार, पण ते काही आलं नाही.

"टाकी नवीन आहे," शेवटी ते म्हणाले. "सुरुवातीला पाणी उकळून प्या." आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या त्या तुटक, कुठेकुठे. हलगीवाल्याला कळेना वाजवावं की नाही. आमच्या मागे बसलेला एक शेतकरी शेजारच्याला म्हणाला, "सायेब आज आजारी हायेत का काय?"

मॅडम मागे वळल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "आजच जरा बरे आहेत."